चित्रातल्या तरुणीला नाव देण्याआधी

पुणे-मिरज लोहमार्गावरचे रहिमतपूर इतिहासाच्या अभ्यासकाला दोन कारणांनी ठाऊक असते. गावात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आणि मशीद आहे, आणि औंधला जाणाऱ्यांचे हे जुने स्टेशन आहे. औंधला यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय बांधले. हा राजा स्वतः चित्रे काढत असे आणि हौसेने, जाणतेपणाने जमवतही असे. तिथे रविवर्म्याची तैलचित्रे आहेत, हेन्री मूरचे दगडातले ‘आई आणि मूल’ आहे, आणि पहाडी, राजस्थानी, मोगल, दख्खनी अशा नाना शैलींची कागदावरची चित्रे आहेत. असाच साठा साताऱ्यात द. ब. पारसनिसांनी जमवला होता. तो १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. अशा कोणत्याही संग्रहात अठराव्या शतकातल्या तरुणीच्या चित्रापुढे माणूस थबकला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही कोण? उत्तर द्यायलाही कोणीतरी पुढे येतोच. मस्तानी म्हणतो, रमाबाई म्हणतो, आनंदीबाई म्हणतो. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि ते का चुकते याचे कारण त्या काळाच्या समाजरचनेत आहे, एवढेच मला इथे मांडायचे आहे. मराठी मुलखातल्या अठराव्या शतकातल्या ज्या स्त्रियांची नावे आपल्याला माहीत आहेत, त्यांचे चेहरे जवळजवळ कुठेच उरलेले नाहीत. ज्या तरुणींचे चेहरे रंगांत उरले आहेत, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. या दोन याद्या एकमेकींना जोडण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. त्या का जुळत नाहीत, हे कळले की चित्र वाचायची रीतच बदलते.

नियम पारखायला अपवाद हाताशी असला तर बरे. इथे तो आहे, आणि पुण्यातलाच आहे. चार्ल्स वॉर मॅलेट १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात आला. त्याच्या ओळखीने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात पोचला. वेल्सने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे जे मोठे तैलचित्र रंगवले, ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून दिसणारा नानांचा उभट, गंभीर चेहरा बराचसा वेल्सच्या नजरेतून आलेला आहे. महादजी शिंदेही त्याच्यापुढे बसले. याच मुक्कामात त्याने एका स्त्रीचे तैलचित्र केले आणि तिचे नाव टिकले: अंबर कौर. ती मॅलेटच्या घरातली, त्याच्या मुलांची आई, पण लग्नाची बायको नव्हे. मॅलेटने लग्न केले ते पुढे १७९९ मध्ये, वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी.

पुण्यात तेव्हा वजनदार स्त्रियांची वाण नव्हती. शनिवारवाड्यात पेशव्याची पत्नी होती. तिचे लग्न १७८३ मध्ये लागले तेव्हा नानांनी पंगती, पानसुपारी, पाहुण्यांचा मान, दिवाबत्ती यांचे इतके तपशीलवार बंदोबस्त लिहून ठेवले की ते कागद पुढे नमुना म्हणून छापले गेले. सरदारांच्या वाड्यांत किती कर्त्या बायका होत्या. एवढ्या सगळ्यांतून वेल्सच्या तैलचित्राला मिळाली ती परक्या वकिलाच्या घरची अंबर कौर. पेशवा, कारभारी आणि सेनानी चित्रकारापुढे निवांत बसतात, आपली ओळख रंगांत उतरू देतात. त्यांच्या घरच्या स्त्रियांपैकी तिथे कोणीच नाही. हा योगायोग नव्हे. जिच्या चेहऱ्यावर कोणत्याही कुळाची अब्रू टांगलेली नव्हती, तिलाच नावानिशी रंगवता आले.

पुण्यातल्या देशी चित्रकाराकडे पाहिले तरी हेच दिसते. मॅलेटच्या पदरी काम करणारा गंगाराम तांबट हा त्या पिढीतला विलक्षण हात. त्याने वेरूळची लेणी मोजूनमापून रेखाटली, पहिलवान रेखाटले, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा १७९० मध्ये रेखाटला. गेंड्याच्या कातडीची प्रत्येक घडी त्याने पाहून काढली आहे. म्हणजे समोर दिसते ते जसेच्या तसे उतरवण्याची ताकद पुण्यातल्या माणसात नव्हती असे म्हणायला जागा नाही. ताकद होती, पण अंतःपुरात जाण्याची परवानगी नव्हती. महाराष्ट्रात व्यक्तिचित्रणाची परंपराच दुबळी होती, म्हणून स्त्रियांचे चेहरे राहिले नाहीत, असे म्हणणाऱ्यांना माझे पहिले उत्तर हा गेंडा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गोषा होता तो मराठा सरदार घराण्यांत. पुण्याच्या ब्राह्मण स्त्रिया देवळात जात, नदीवर जात, कीर्तनाला बसत. रस्त्यावरच्या माणसाला दिसणारी स्त्री चित्रकाराला दिसणार नाही, हे कसे? पण रस्त्यावर दिसणे वेगळे आणि चित्रासाठी बसणे वेगळे. चित्रकार तासन्‌तास टक लावून पाहतो, तेही परका पुरुष म्हणून. आणि चित्र कागदावर उतरले की ते कोणाच्या हाती जाईल, कोण ते बैठकीत उघडून पाहील, यावर घराचा ताबा उरत नाही. ज्या समाजात नवरा-बायको एकमेकांचे नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत, तिथे सुनेचा चेहरा चारचौघांत फिरवण्याची कल्पनाही कोणाला रुचली नसती. शिवाय नावाचीच अडचण होती. लग्नात मुलीचे नाव बदले. पत्रांत ती ‘मातोश्री’, ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव सौभाग्यवती’ असे. चितारीला नाव लिहायचे असते तरी कोणते लिहावे, हा प्रश्न पडलाच असता.

दुसरा आक्षेप दक्षिणेतून येतो. टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने १८०५ च्या सुमारास म्हैसूरच्या तीन स्त्रियांचे एक तैलचित्र केले. त्या कृष्णराज वडियारांच्या घराण्यातल्या असून त्यांतली एक त्यांची बालवधू देवाजम्मणी आहे, आणि देवीची लस टोचून घ्यायला लोकांना धीर यावा म्हणून हे चित्र काढले गेले, असे इतिहासकार नायजेल चान्सलर यांनी मांडले आहे. हे खरे असेल तर राजघराण्यातल्या स्त्रिया गोऱ्या चित्रकारापुढे उभ्या राहिल्याच की. पण या उदाहरणाचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. दोनशे वर्षे त्या चित्राला नाव नव्हते. पाहणाऱ्यांनी त्यांना नाचणाऱ्या मुली ठरवून टाकले होते. राण्या असल्या तरी चित्रावर ओळख लिहिलेली नव्हती, आणि ओळख नसलेली तरुणी दिसली की तिला कलावंतीण मानायची सवय लागलेली होती. बारकाईने वादावादी केल्यावर दोन शतकांनी त्यांची ओळख मांडता आली. म्हणजे आक्षेपातला पुरावा उलट माझ्याच बाजूला येऊन बसतो. हिकीच्या आधी टिली केटलने १७७२ मध्ये नर्तकी रंगवली, फ्रान्चेस्को रेनाल्डीने १७८९ मध्ये एक मुसलमान स्त्री रंगवली. दोघींची नावे नाहीत. या सगळ्यांत अंबर कौरचे नाव उरले ते मॅलेट आणि वेल्स या घराण्यांच्या कागदांनी ते जपले म्हणून.

आता देशी चित्रांकडे वळू, कारण संग्रहालयांत दिसतात ती बहुतेक हीच. वाईला रास्त्यांच्या मोतीबागेत आणि मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतीवर चित्रे आहेत. त्यांत स्त्रिया भरपूर आहेत. त्यांचे चेहरे नीट पाहिले तर ध्यानात येते की चेहरा एकच आहे: बाजूने दिसणारा, लांब डोळ्याचा, टोकदार नाकाचा. बदलते ती साडी, हातातली वस्तू, शेजारचे माणूस. पैठण आणि पिंगुळीच्या चित्रकथींत हीच रीत आणखी ठळक होते. सीता, मंडोदरी, द्रौपदी यांना वेगळे करते ती कथा, नाक-डोळे नव्हेत. कथा सांगणाऱ्याला तेवढेच हवे असते आणि ऐकणाऱ्यालाही. आपण आज त्या चेहऱ्यात व्यक्ती शोधतो, ती आपली सवय आहे. चितारीचा तो उद्योग नव्हता.

राजस्थानी आणि दख्खनी कागदांची गोष्ट याहून फसवी आहे. मराठी सरदार उत्तरेत गेले आणि तिथून बरेच काही घेऊन आले. चित्रकारही आले: भोजराज हा जयपूरचा चितारी शनिवारवाड्याच्या रंगकामावर होता. चित्रांचे संच आले आणि पुढे वाटण्यांत, विक्रीत फुटले. आता रागमालेच्या संचात प्रत्येक रागिणी ही तरुणीच असते. मोकळ्या रानात वीणा घेतलेली, भोवती हरणे असलेली ती तोडी रागिणी. मोरांच्या मधोमध माळ धरून उभी ती ककुभा. शेज सजवून वाट पाहणारी ती अष्टनायिकांतली वासकसज्जा. संचातले एक पान सुटून वाड्यातल्या पेटीत पडले, वरचा लेख कापला गेला, की शंभर वर्षांनी त्या घरात ते ‘आमच्या अमक्या आजेसासूबाईंचे चित्र’ होऊन बसते. घरच्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण वीणा आणि हरणे समोर दिसत असताना आजेसासूबाईंचे नाव मान्य करता येत नाही.

मग बणीठणी? हा प्रश्न हमखास विचारला जातो. किशनगडच्या निहालचंदने अठराव्या शतकाच्या मध्यावर रंगवलेली राधा ही राजा सावंतसिंगाच्या प्रीतीतल्या बणीठणी या गायिकेच्या चेहऱ्यावरून घेतली, अशी परंपरा आहे. तिचे चित्र १९७३ मध्ये टपालाच्या तिकिटावरही आले. परंपरा खरी मानली तरी दोन गोष्टी उरतात. पहिली, चित्र राधेचे म्हणून रंगवले आहे. खरी स्त्री देवीच्या आड उभी आहे. दुसरी, ती गायिका आहे, राणी नव्हे. अंबर कौर आणि बणीठणी यांच्यात भाषा, प्रदेश, चित्रपद्धती काहीच समान नाही. समान एवढेच की दोघी लग्नाच्या चौकटीबाहेर आहेत. मस्तानीच्या नावाने जी चित्रे दाखवली जातात, त्यांच्याविषयीचा आपला उतावीळपणाही यातूनच समजतो. ती चौकटीबाहेरची, म्हणजे तिचे चित्र असायलाच हवे, असे आपले मन धरून चालते. मस्तानी १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ गेली. पाबळला तिची कबर आहे, तिचा मुलगा समशेर बहाद्दर पानिपतावर जखमी झाला आणि त्या जखमांनीच पुढे वारला. एवढे पक्के आहे. चेहऱ्याबाबत तसे एकमत होईल असा पुरावा पुढे आलेला नाही, आणि तोवर कोणत्याही सुंदर मोगल तरुणीखाली तिचे नाव छापणे हा तिच्यावर अन्यायच आहे. एकीचे नाव दुसरीच्या तोंडावर चिकटवले की दोघीही हरवतात.

नावे असलेल्या स्त्रियांची यादी करायला सातारा जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही. वाईच्या रास्त्यांची लेक गोपिकाबाई नानासाहेबांची पत्नी झाली. सवाई माधवरावाला तिने लिहिलेल्या शिकवणीच्या पत्रातून तिचा करारी स्वभाव आजही जाणवतो. शाहू महाराजांची राणी सकवारबाई डिसेंबर १७४९ मध्ये महाराजांच्या मागे सती गेली. शाहूंची चित्रे बरीच आहेत. सकवारबाईची आठवण त्या सहगमनाच्या कथेने धरून ठेवली आहे. थोरल्या माधवरावांची रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला सती गेली. तिथे तिचे वृंदावन आहे. स्मारक दगडाचे आणि तुळशीचे, चेहऱ्याचे नव्हे. आज आपल्या डोळ्यांसमोर येणारी रमा ही १९६२ च्या ‘स्वामी’ कादंबरीने आणि तिच्यामागोमाग आलेल्या नाटक-मालिकांनी घडवलेली आहे. आणि औंधकरांच्या घराण्याशी जोडलेली ताई तेलीण. शतक उलटल्यावर पंतप्रतिनिधींच्या बाजूने तिने वासोटा किल्ला बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. तिच्यावर लोकांनी चुटका रचला आणि तो घरोघरी पोचला. ती चौकटीबाहेरची होती, तरी तिचे चित्र काढायला कोणी वेल्स आला नाही. माझ्या नियमाला याने थोडी मर्यादा पडते, हे मान्य करतो: चौकटीबाहेर असणे पुरेसे नाही, चित्र काढवून घेणारा पैसेवालाही लागतो. अंबर कौरच्या मागे मॅलेट होता, बणीठणीच्या मागे राजा. ताईचा प्रतिनिधी स्वतःच कैदेतून सुटका शोधत होता.

पुरुषांचे चेहरे पक्के झाले आणि बायकांचे झाले नाहीत, यात छापखान्याचाही वाटा आहे. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये सुरू झाली आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे घराघरांत पोचू लागली. नानांसाठी वेल्सचा आधार होता. स्त्रियांसाठी आधारच नव्हता, म्हणून कल्पनेने काम भागवले गेले. कल्पनेतला चेहरा पन्नास वर्षे भिंतीवर राहिला की तो पुरावा वाटायला लागतो. मग जुन्या चित्रातली एखादी तरुणी त्या छापील चेहऱ्यासारखी दिसली की ‘ओळख पटली’ असे लोक म्हणतात. म्हणजे नंतरच्या चित्रावरून आधीच्या चित्राची साक्ष काढली जाते.

कोणी विचारील की असे सगळे नाकारले तर या चित्रांत उरते काय. उरते ते पुष्कळ आहे, आणि माझ्या मते नावापेक्षा मोलाचे आहे. अशी तरुणी ‘कोण’ हे सांगत नाही, पण ‘कशातली’ हे फार चोख सांगते. कासोटा घातलेले लुगडे आहे की घागरा-ओढणी, यावरून चित्र मराठी स्त्रीचे की उत्तरेतल्या, याचा पहिला निवाडा होतो. कपाळावर आडवी चिरी आहे की गोल कुंकू, नाकात नथ आहे की लहान चमकी, कानात बुगडी आहे का, गळ्यात चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक यांपैकी काय आहे, हातात पाटल्या आणि तोडे कसे आहेत, या प्रत्येकातून घर, हुद्दा, ऐपत दिसते. पेशवे दप्तरात जामदारखान्याच्या याद्या आहेत: दागिन्यांची नावे, वजने, मोत्यांची संख्या. यादीतला दागिना शब्दांत आहे, चित्रातला रंगांत आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर त्या काळच्या सोनाराचे काम आपल्याला दोन बाजूंनी दिसते. एकट्या यादीतून ते कळत नाही, एकट्या चित्रातूनही नाही.

कागद आणि रंगही बोलतात. विलायती कागदात जलचिन्ह असते, कधी त्यात सालही असते. आपल्या हातकागदात ते नसते. प्रशियन ब्ल्यू हा निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, तेव्हा तो चित्रात असला तर चित्र त्याआधीचे नाही. कारखान्यातला अल्ट्रामरीन १८२८ नंतरचा. तो मूळ रंगात निघाला तर ‘पेशवाईतली तरुणी’ म्हणून मिरवणारे चित्र पेशवाई बुडाल्यावर रंगवलेले आहे, एवढे निश्चित होते, मग खाली काहीही लिहिलेले असो. दुरुस्तीत वरून भरलेला रंग वेगळा काढावा लागतो, एवढी काळजी मात्र घ्यायला हवी. हे तपास आता चित्राला ओरखडाही न काढता होऊ शकतात.

संग्रहालयाच्या पाटीवर नाव नसले तर लोक पाहत नाहीत, अशी एक व्यवहारी तक्रार ऐकू येते. ती मला मान्य नाही. पाटीवर ‘मस्तानी (?)’ असे लिहिण्यापेक्षा ‘तरुणी, हातात वीणा, भोवती हरणे, बहुधा तोडी रागिणी, दख्खनी शैली, मराठी घराण्याच्या संग्रहातून’ असे लिहिले तर पाहणारा वीणा शोधतो, हरणे शोधतो, मग ही हैदराबादकडची रागिणी साताऱ्याकडे कशी आली असेल हे विचारतो. नाव वाचलेला माणूस नाव वाचून पुढे जातो. तरुणीचे लुगडे मराठी असेल तर पाटीवर दागिन्यांची नावे यावीत, कारण ती नावे ओळखणाऱ्या बायका आजही कोरेगाव, खटाव, वाईत आहेत आणि बाजूबंदाच्या घडणीवरून त्या अभ्यासकालाही चार गोष्टी सांगू शकतील. औंध, डेक्कन कॉलेज आणि पुण्याचे केळकर संग्रहालय यांतल्या स्त्रीचित्रांची अशी एकत्र यादी, जामदारखान्याच्या कागदांशी ताडून, पहिल्यांदा करायला हवी. त्या यादीत नावाचा रकाना शेवटचा असावा, आणि चित्राच्या काळातला लेख हाती असल्याखेरीज तो रिकामाच राहू द्यावा.